पाटावरून खुर्चीकडे

गुडघा बिघडल्याची खबर एक्स-रेच्या आधी घरातल्या सामानाला लागते. देवघरापुढचा पाट भिंतीला टेकतो आणि तिथे स्टूल येतं. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची शिरते. मटार सोलायला जमिनीवर वर्तमानपत्र पसरणं थांबतं, ताट मांडीवर घेऊन सोफ्यावरच काम उरकलं जातं. हळदीकुंकवाला गेलं की सतरंजीकडे न बघता डोळे आधी खुर्ची शोधतात. मग एखाद्या दिवाळीत मुलगा संडासात कमोड बसवून घेतो. हे सगळं चार-पाच वर्षांत इतक्या हळू होतं की ते गुडघ्याचं दुखणं आहे, असं घरात कुणी म्हणत नाही. वय झालं, एवढंच म्हणतात. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर त्या बाईच्या तोंडून दोनच शब्द निघतात : गुडघे दुखतात.

तेवढ्यावरून उपचार ठरत नाही. काय गेलं, ते सांगावं लागतं. उकिडवं बसणं गेलं, मांडी गेली, जिना गेला, सपाटीवरचं चालणं गेलं की रात्रीची झोप गेली? हा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे, कारण झिजेच्या गुडघ्यात गोष्टी साधारण याच क्रमाने हातातून जातात. आपलं घर जमिनीवर वसलेलं असल्यामुळे पहिल्या दोन गोष्टी आपल्याला फार लवकर आणि फार मोठ्या वाटतात. शेवटच्या दोन मात्र, ज्यांच्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायला हवा, त्या आपण सोसत बसतो.

मुळात त्या सांध्यात घडतं काय, ते आधी पाहू. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. वाटीच्या मागे तो याहून जाड, जवळजवळ शरीरातला सर्वांत जाड. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल पडलं की स्पंजासारखी ती दाबली जाते, पाऊल उचललं की द्रव आत ओढून घेते. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. दुखतं म्हणून महिनोन् महिने बसून राहणारा माणूस तिला उपाशी ठेवत असतो.

‘वंगण संपलंय’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव असतोच जेमतेम दोन ते चार मिलिलिटर, म्हणजे एक चमचाही नाही. झिजलेल्या गुडघ्यात तो बहुतेकदा वाढतो. गुडघा सुजला म्हणतो तेव्हा आत तेच पाणी असतं. झीज होते ती कूर्चेची. तिला मज्जातंतू नाहीत, मग दुखतं कुठे? तिच्या खालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तरात आणि भोवतीच्या आवरणात. म्हणून तर एक्स-रे भयंकर दिसणारा एखादा शेतकरी दिवसभर नांगरामागे चालतो आणि जेमतेम झीज असलेली बाई रात्रभर कुशी बदलत राहते. फोटो आणि दुखणं यांचं गणित एकास एक जुळत नाही.

वजनाचं गणित मात्र जुळतं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त, आणि गुडघा जितका खोल वाकेल तितकी वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण गुडघा कुरकुरतो तो उतरताना, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळं शरीर सावरावं लागतं. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो, असं मोजून दाखवलेलं आहे. पाच किलो घटले तर पावलामागे वीस. दिवसाला पाचेक हजार पावलं धरा आणि गुणाकार करून बघा.

आपल्याकडे झीज बहुधा आतल्या बाजूने सुरू होते. आतली फट कमी झाली की पाय बाहेरच्या अंगाला वाकतो, दोन गुडघ्यांमध्ये अंतर पडतं, धनुष्यासारखं. पाय वाकला की भार आणखी आतल्या बाजूवर पडतो, आणि भार पडला की झीज वाढते. आजी चालताना डावी-उजवीकडे झुलतात ते यामुळेही असतं.

पण प्रत्येक गुडघेदुखी ही झीज नसते, आणि इथे चूक झाली तर ती महागात पडते. झिजेच्या सांध्याला सकाळी आखडलेपण असतं, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं. बसून उठल्यावर पहिली चार पावलं अडतात, पुढे सुटतात. तासभर हात उघडत नसेल, दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे सुजले असतील, अंगठी निघत नसेल, तर तो आमवात असू शकतो. त्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे महिन्या-दोन महिन्यांत पोहोचायला हवं, कारण त्यात सांधे लवकर कुरतडले जातात आणि आज त्यावर औषधं आहेत. त्यातलं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं जाऊन जिवावर बेतल्याच्या घटना घडतात, म्हणून कॅलेंडरवर त्या वाराला खूण करून ठेवावी. मध्यरात्री पायाचा अंगठा लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना, तर युरिक ॲसिडचा गाऊट. पण रक्तात युरिक ॲसिड थोडं वाढलेलं आहे एवढ्यावरून कुणालाही गाऊट ठरत नाही. एकच सांधा, हळूहळू सुजत जाणारा, सोबत संध्याकाळचा ताप आणि घटणारं वजन असेल, तर आपल्या देशात क्षयाची शंका घ्यावीच लागते. आणि अचानक तापलेला, लालबुंद, जरासुद्धा हलवू न देणारा सांधा आणि अंगात ताप असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. आत पू असेल तर कूर्चा दिवसांत नष्ट होते.

आणखी एक फसवणूक असते खुब्याची. खुब्याच्या सांध्याचं दुखणं जांघेत जाणवतं आणि मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. गुडघ्याचे तीन एक्स-रे झाले, सगळे चांगले आले, तरी माणूस लंगडतोच आहे, असं झालं तर खुबा तपासायला सांगावं. खुर्चीवर बसून पाय आतल्या बाजूला वळवताना जांघेत कळ आली की संशय पक्का होतो. कोविडनंतर मुंबई-पुण्यात तरुण माणसांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याचे रुग्ण दिसले. स्टेरॉइडचे मोठे डोस हे त्यामागचं ठाऊक असलेलं कारण. त्याचा पहिला टप्पा साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि त्याच टप्प्यात हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा चपटा झाला की मग सांधाबदलच.

एक्स-रे काढायचा तो उभं राहून, दोन्ही पायांवर वजन टाकून. झोपवून काढलेल्या फोटोत फट चांगली दिसते आणि झीज लपते. शिवाय एक बाजूने, आणि वाटीची तक्रार असेल तर गुडघा वाकवून वरून. फोटोवरच्या ज्या ‘ग्रेड’ सांगतात त्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या, शून्य ते चार. ‘तुमची चौथी ग्रेड आहे’ हे ऐकून माणसं खचतात, पण ती फोटोची ग्रेड आहे, जगण्याची नाही. पन्नाशीनंतर सरसकट एमआरआय करू नये, असं माझं मत आहे. गादी फाटल्याचं त्यात इतक्यांना दिसतं, आणि त्यातल्या अनेकांना काही दुखत नसतं. मग तो कागद हातात आला की दुर्बिणीतून ‘साफसफाई’ करण्याचा आग्रह सुरू होतो. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींचा झिजलेला गुडघा दुर्बिणीने धुतला, काहींचा आतून खरवडून साफ केला, आणि काहींच्या त्वचेला फक्त चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला. दुखण्यात आणि हालचालीत फरक नव्हता. पिळ बसून गादी फाटलेला तरुण, किंवा खरोखरच अडकून बसलेला, सरळ न होणारा गुडघा, यांच्यासाठी दुर्बीण आहे. सत्तरीतल्या झिजेसाठी नाही.

आता उपचारांच्या त्या पायऱ्या, ज्या वगळून माणसं थेट इंजेक्शनवर जातात.

सांध्याच्या पुढचा मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा खरा खांब. दुखलं की तो पहिल्यांदा सुकतो; दुखऱ्या आणि चांगल्या मांडीभोवती टेप लावून पाहिली तर फरक मोजता येतो. त्याला परत उभं करायला महागडं यंत्र लागत नाही. पलंगावर पाय पसरून बसावं, लवणीखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवावी आणि गुडघा तिच्यावर दाबावा. मांडी कडक होऊन वाटी किंचित वर सरकलेली दिसली म्हणजे बरोबर होतंय. पाच ते दहा आकडे दाबून धरायचं, सोडायचं, असं दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे आठवडाभर जमलं की उताणं झोपून दुसरा गुडघा वाकवून घ्यावा आणि दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे, आणि सावकाश खाली ठेवावा. धपकन टाकला तर निम्मा व्यायाम वाया जातो. मग कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, कारण कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले की गुडघा आत-बाहेर डुलतो. शेवटी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, दहा वेळा. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि खाली बसताना स्वतःला सोडून देऊ नये. रक्तदाब असणाऱ्यांनी आकडे मोठ्याने म्हणावेत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

किती दुखलं तर चालतं? व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. ते निम्मं करायचं, बंद नाही. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. ‘व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही’ असं जे सांगतात त्यांना आधी हा प्रश्न विचारावा : किती दिवस?

नी-कॅप ऊब देते, धीर देते. स्नायूचं काम ती करत नाही. काठी करते, पण तिची लाज वाटते. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. ती विरुद्ध हातात हवी; दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडायला हवेत. चप्पल घालून ताठ उभं राहावं, हात सैल सोडावेत, मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ आली की उंची बरोबर, कोपर जरासं वाकलेलं राहतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एसटीची पहिली पायरी उंच असते, तिथेही हाच नियम. आणि उतरताना घाई करणाऱ्या गर्दीला पुढे जाऊ द्यावं.

चालणं सोडू नये. आळंदीहून पंढरपूरला जवळजवळ अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारीत साठी ओलांडलेल्या कितीतरी बाया असतात, आणि त्यांचं शरीर वर्षभर शेतात चाललेलं असतं. वर्षभर बसून राहून आषाढात एकदम चालायला निघणाऱ्याचा गुडघा सुजतो तो चालण्यामुळे नाही, तयारी नसल्यामुळे. उकिडवं बसणं मात्र दुखऱ्या गुडघ्याने कमी करावं. कमोड बसवायला जागा किंवा पैसे नसतील तर देशी संडासावर ठेवायची चौकट मिळते, आणि भिंतीला उठताना धरायला लोखंडी कांब बसवली तर तिचा उपयोग कुठल्याही गोळीपेक्षा जास्त होतो.

गोळ्यांबद्दल सांगायचं तर, आधी मलम. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याला एका वेळी चार ग्रॅम, दिवसातून चार वेळा लागतं. बोटाच्या टोकावरचा ठिपका चोळून गुण येत नाही म्हणणं बरोबर नाही. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीविना आणून महिनोन् महिने घेतल्या जातात. त्यांनी जठरात व्रण होतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंड बिघडतं. मधुमेही आणि रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांत तर फार लवकर. आणि ‘संधिवाताची पुडी’ म्हणून जी बिननावाची पावडर मिळते, जिने चार दिवसांत चमत्कार होतो, तिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि अचानक थांबवलं तर माणूस कोसळतो. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर दरमहा खर्च करणारी घरं पुष्कळ आहेत. मोठ्या अभ्यासांत त्यांचा गुण साध्या साखरेच्या गोळीहून फारसा वेगळा निघालेला नाही. तो पैसा चांगल्या फिजिओथेरपिस्टवर घालावा.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज आणि ठणका उतरवतं, काही आठवडे ते दोन-तीन महिने. लग्नकार्य, प्रवास किंवा व्यायाम सुरू करता यावा म्हणून ते घ्यावं; तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहावी. इंजेक्शननंतर तीन महिने सांधाबदल करत नाहीत, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आठवणीने सांगावं. ‘वंगणाचं’ इंजेक्शन महाग असतं आणि त्याचा फायदा इतका थोडा दिसतो की बऱ्याच मार्गदर्शक तत्त्वांत ते सरसकट सुचवत नाहीत. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन सध्या जोरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका काटेकोर अभ्यासात, २०२१ साली, वर्षभरानंतर ते आणि मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन यांत दुखण्याचा फरक आढळला नाही. कूर्चा पुन्हा उगवून देतो, असं कुणी सांगितलं तर पाकीट खिशातच ठेवावं.

मग शस्त्रक्रिया. पाय वाकलेला आहे, झीज फक्त आतल्या बाजूला आहे आणि वय साठीच्या आत, तर नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, पाचर उघडून, पट्टी-स्क्रूने बसवून पाय सरळ करता येतो. भार चांगल्या बाजूवर सरकतो आणि स्वतःचा सांधा राहतो. हाड जुळेपर्यंत काही आठवडे कुबड्या लागतात, पण नंतर जमिनीवर बसणं, शेतातलं काम जमतं. शेतकऱ्यासाठी, मजुरासाठी हा उत्तम पर्याय आहे आणि तो पुरेसा सुचवला जात नाही, याची मला खंत वाटते. गुडघ्याची एकच बाजू झिजली असेल आणि हाडं बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या (लिगामेंट) शाबूत असतील तर अर्धा सांधा बदलतात. त्यात गुडघा जास्त नैसर्गिक वाटतो, पण पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता पूर्ण सांध्यापेक्षा जास्त.

पूर्ण सांधाबदलाला घाबरताना लोकांच्या डोळ्यांपुढे गुडघा कापून दुसरा लावल्याचं चित्र असतं. प्रत्यक्षात दोन्ही हाडांच्या टोकांवरून आठ-दहा मिलिमीटर जाडीचा थर काढतात आणि त्यावर टोप्या चढवतात. वर कोबाल्ट-क्रोमची गोलाकार टोपी, खाली टायटॅनियमचं किंवा कोबाल्ट-क्रोमचं ताट, मध्ये कठीण पॉलिथिलीनची गादी, आणि गरज वाटली तर वाटीच्या मागे प्लास्टिकची चकती. हे सगळं हाडाला बसवायला खास सिमेंट, जे दहा-बारा मिनिटांत कडक होतं. काम साधारण दीड तासाचं, बहुधा कमरेतून भूल देऊन. या गुडघ्याचं आजचं रूप न्यूयॉर्कला १९७०च्या दशकात जॉन इन्सॉल आणि मध्य प्रदेशात जन्मलेले चित्तरंजन राणावत यांच्या कामातून घडलं. याच राणावतांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी उजवा. ‘गुडघा बदलता येतो’ हे आपल्याकडे घरोघर कळलं ते त्या बातम्यांमुळे.

पैशाची भीती खरी आहे. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली : साध्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची सरासरी १,५८,३२४ रुपयांची किंमत ५४,७२० वर आली, जीएसटी वेगळा. पुढे हे आकडे थोडे बदलले, पण मर्यादा राहिली. म्हणून बिलात इम्प्लांटची रक्कम स्वतंत्र लिहून मागावी, आणि खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावेत. वीस वर्षांनी गादी बदलायची वेळ आली तर त्या स्टिकरवरचा क्रमांकच सांगतो की कुठल्या मापाची हवी. ‘हाय-फ्लेक्स’ सांधा घेतला की मांडी घालता येते, असं विकलं जातं. अभ्यासांत त्याने साध्या सांध्यापेक्षा लक्षणीय जास्त वाक मिळाल्याचं दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः ठरतं ते आधी किती वाकत होता यावरून. रोबोटने काप अधिक अचूक बसतो, हे खरं. त्यामुळे वीस वर्षांनंतर सांधा जास्त टिकेल, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. सांधा टिकतो किती, याचं उत्तर मात्र चांगलं आहे : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या हिशेबात शंभरातले सुमारे ब्याऐंशी पूर्ण सांधे पंचवीस वर्षं टिकले.

कधी करावी? पहिल्या परिच्छेदातला पाट इथे परत येतो. केवळ उकिडवं बसता येत नाही म्हणून शस्त्रक्रिया केली तर निराशाच पदरी पडते, कारण तेच नंतरही बहुतेकांना जमत नाही. दहातले एक-दोन जण शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही नाराज राहतात, आणि अपेक्षा भलतीच असणं हे त्यामागचं मोठं कारण आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालता येत नसेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तीन महिने मनापासून व्यायाम, वजन, काठी, औषध करूनही हे बदललं नसेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. फार थांबलं की गुडघा वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही, मांडी काठीसारखी होते, हृदय आणि फुप्फुसं बसून बसून मंदावतात. मग तीच शस्त्रक्रिया अवघड होते आणि गुण कमी येतो. दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे की नाही, हे हृदयाच्या तपासणीवरून ठरवावं, सुट्टीच्या सोयीवरून नाही.

जंतुसंसर्ग हा सगळ्यांत वाईट घोटाळा. शंभरात एक-दोघांना होतो, पण ज्याला होतो त्याचे सहा महिने जातात, कधी सांधा काढावा लागतो. त्याची तयारी घरी होते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या खाली, शक्यतो साडेसातच्या आत. किडका दात आधी काढून किंवा भरून घ्यावा. लघवीची जळजळ लपवू नये. टाचेच्या भेगा आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नये. त्या चिरांमधूनच जंतू आत जातात. तंबाखू बंद, मशेरीसुद्धा. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, त्याने बारीक जखमा होतात.

पुढचे सहा आठवडे सर्जनचे नसतात, रुग्णाचे असतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून पाऊल वर-खाली हलवत राहायचं, दर तासाला, आणि रक्त पातळ करणारं औषध सांगितल्याप्रमाणे घ्यायचं. सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते : घरातली माणसं गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतात. त्याने बरं वाटतं आणि गुडघा वाकलेलाच बसतो. उशी टाचेखाली हवी, गुडघा अधांतरी, म्हणजे तो आपल्या वजनाने सरळ होतो. गुडघा पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं, कारण चालणं त्यावर आहे. दोन आठवड्यांत नव्वद अंशांपर्यंत वाक, सहा आठवड्यांत एकशेदहाच्या पुढे. पंधरा-वीस मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून, व्यायामानंतर. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी. दुखतं म्हणून व्यायाम टाळला तर आत चिकटलेले पापुद्रे घट्ट होतात आणि मग भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. टाके बारा ते चौदा दिवसांनी निघतात. जखमेतून पाणी येत राहिलं तर घरी अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर रुग्णालय.

जखमेच्या बाहेरच्या बाजूला हातभर नाही, पण तळहाताएवढा भाग बधिर राहतो. गुडघा तीन-सहा महिने कोमट लागतो. जिन्यावर टक् असा धातूचा आवाज येतो. या तिन्हींत काही बिघडलेलं नसतं, हे आधी सांगितलं नाही तर माणसं रात्र-रात्र काळजी करतात.

आणि जमीन? तीन महिन्यांनंतर, सर्जनने होकार दिला असेल तर, जमिनीवर उतरता येतं. पुढे जड, न हलणारी खुर्ची ठेवायची, खाली जाड घोंगडी दुमडून. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, मजबूत पाय पुढे रोवून ठेवायचा आणि शस्त्रक्रियेचा गुडघा सावकाश घोंगडीवर टेकायचा. वेगळं, जरा विचित्र वाटतं, पण त्याने सांधा मोडत नाही. मग कुल्ला बाजूला टेकवून पाय पुढे लांब करायचे. उठताना उलट क्रम : कुशीवर वळून ओणवं व्हायचं, खुर्ची धरायची, मजबूत पाय पुढे रोवायचा, हातांनी रेटून उठायचं. पहिले काही वेळा शेजारी कुणीतरी उभं असावं, उचलायला नाही, नुसतं उभं. पाटावर पालथी मांडी घालून बसणं प्रत्येकाला परत मिळत नाही. पण खुर्ची आणि पाट यांच्या मध्ये एक उंची आहे, सात-आठ इंचांचा चौरंग. त्यावर बसून पाय पुढे सोडले की हात देवघरातल्या समईपर्यंत पोहोचतो.